शाळेत विविधता परिषद भरवताय? मग सूत्रं मुलांच्या हाती द्या

आपल्या विदर्भातल्या बहुतेक शाळांत विविधता दिसते ती स्नेहसंमेलनात. कोलाम पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीवरच्या मुली ढेमसा नाचतात, तांड्यावरच्या मुली आरशांचे घागरे घालून येतात, मेळघाटात कोरकू गाणं होतं. पाहुणे टाळ्या वाजवतात, फोटो निघतात. दुसऱ्या दिवशी वर्गात मॉनिटर कोण, सूत्रसंचालन कोणाकडे, स्पर्धेला तालुक्याला कोण जाणार, हे सगळं पूर्वीसारखंच असतं. नाचायला बोलावलेल्या मुलांना ठरवायला कोणी बोलावत नाही.

विविधता परिषद याच जागी वेगळी असायला हवी. पाच-सहा शाळांची आठवी-नववीची मुलं एक दिवस एकत्र बसतात आणि भाषा, जात, धर्म, मुलगा-मुलगी, अपंगत्व, स्थलांतर यांमुळे शाळेत रोज काय घडतं यावर बोलतात. विषय मुलं ठरवतात, चर्चा मुलं चालवतात, शेवटचे ठराव मुलं मांडतात. मोठी माणसं परवानग्या, पैसे आणि सुरक्षितता सांभाळतात. असा दिवस उभा कसा करायचा ते पुढे सांगतो. आकडे नव्वद मुलांच्या परिषदेचे धरले आहेत: पाच शाळा, प्रत्येकी अठरा मुलं, आणि वेगळे बावीस विद्यार्थी-नेते.

आधी मुख्याध्यापकांना काय सांगाल

"हे अभ्यासक्रमात बसतं का?" हा पहिला प्रश्न येणार. संविधानाचं कलम 51क नागरिकांची मूलभूत कर्तव्यं सांगतं. धर्म, भाषा, प्रदेश यांचे भेद ओलांडून बंधुभाव वाढवणं आणि स्त्रियांना कमीपणा आणणाऱ्या प्रथा सोडणं ही त्यातलीच. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं कलम 12 म्हणतं की मुलांशी संबंधित बाबींत मुलांचं मत ऐकलं गेलं पाहिजे. भारताने ही संहिता 1992 मध्ये स्वीकारली. आणि मुलांना कारभार देणं ही विदर्भाला परकी कल्पना नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली. तिच्यातून पुढे आलेल्या नई तालीममध्ये, म्हणजे हाताच्या कामातून शिकवण्याच्या पद्धतीत, सेवाग्रामची मुलं स्वयंपाकघरापासून सफाईपर्यंतची कामं स्वतः नेमून घेत, त्यांचा हिशेब मांडत. एवढं एका पानावर लिहून द्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या किंवा पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत विषय घ्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्या. आश्रमशाळेची मुलं येणार असतील तर त्यांना आवाराबाहेर नेण्याच्या परवानगीचा अर्ज सगळ्यात आधी करा. त्याला वेळ लागतो.

तारीख ठरवताना कोण गळतं ते बघा

मला विचाराल तर सगळ्या तयारीत हा निर्णय सर्वांत मोठा आहे, आणि तो बहुतेकदा विचार न करताच घेतला जातो. संविधान दिन 26 नोव्हेंबरला असतो, म्हणून परिषद तेव्हा ठेवण्याचा मोह होतो. पण तोवर कापूस वेचणी जोरात असते आणि वर्गातली कितीतरी मुलं, त्यातही मुली, वावरात असतात. दिवाळीनंतर तांड्यांवरची कुटुंबं ऊसतोडीला निघतात. मेळघाटातले मजूर कामासाठी बाहेर पडतात आणि त्यातले अनेक होळीलाच गावी परततात. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई आणि नाटकांचा हंगाम लागतो. म्हणजे स्थलांतरावर बोलायचं आणि स्थलांतर करणारं एकही लेकरू खोलीत नाही, असं होऊन बसतं.

म्हणून सप्टेंबरचा उत्तरार्ध धरा. आपल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात. जुलैत नेते निवडायचे, ऑगस्टमध्ये तयारी, पोळा-गणपती-महालक्ष्म्या सांभाळून सप्टेंबरात परिषद. सोयाबीनची काढणी तेव्हा अजून पेटलेली नसते आणि सत्र परीक्षाही पुढे असते. पाऊस असतो, त्यामुळे मांडवाच्या भरवशावर राहू नका. पक्क्या खोल्या असलेली शाळा निवडा.

वारही महत्त्वाचा. शनिवारी शाळा सकाळची, बसच्या वेळा बदललेल्या. शुक्रवारी दुपारी उर्दू शाळेच्या मुलांची नमाज असते. आठवडी बाजाराच्या दिवशी एसटीत पाय ठेवायला जागा नसते. उरलेल्या वारांतला एक घ्या. मुलींसाठीची मानव विकासची बस ज्या वेळेला फाट्यावरून सुटते, त्याच्या अर्धा तास आधी कार्यक्रम संपलाच पाहिजे. समारोप लांबला की पहिल्यांदा मुलींनाच उठून जावं लागतं.

नेते निवडायची पद्धत

पहिल्या नंबरच्या मुलाला नेता करणं सोपं असतं. तो बोलतो छान, त्याचं अक्षर चांगलं, त्याचे वडील ओळखीचे. पण या कामाला लागणारं कौशल्य वेगळं आहे: ऐकून घेणं, गप्प बसलेल्याकडे लक्ष असणं, चिडल्यावर आवाज खाली ठेवणं. हे गुणपत्रिकेत दिसत नाही.

प्रत्येक शाळेत आठवी-नववीच्या वर्गांत काम समजावून सांगा आणि इच्छुकांना एकच प्रश्न द्या: "आपल्या शाळेत कोणाला एकटं वाटत असेल आणि का?" उत्तर लिहून, तोंडी, गोंडीत, गोरमाटीत (बंजारा बोलीत), वऱ्हाडीत, कसंही चालेल. तोंडी उत्तराला कमी लेखू नका. आलेली नावं वर्गासमोर ठेवून चिठ्ठ्यांनी मत घ्या. मग शिक्षक आणि दोन माजी विद्यार्थी मिळून यादी तपासा: मुली निम्म्या आहेत का? पोड, बेडा, टोला, तांडा, वसतिगृह इथून कोणी आहे का? अपंग विद्यार्थी आहे का? नसेल तर त्या मुलांशी जाऊन बोला, आग्रह करा. मात्र "तुझ्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून ये" असं म्हणू नका. तिला तिच्या कामासाठी बोलवा: "सातवीत पोरींचं भांडण तू मिटवलंस ते मी पाहिलं. गट चालवायला तूच हवीस."

दहावीची मुलं घेऊ नयेत असं माझं मत आहे. पालक काळजीत असतात आणि पुढच्या वर्षी अनुभव सांगायला ती शाळेत नसतात.

बावीस जणांची कामं

दोन निमंत्रक. शक्यतो एक मुलगी आणि एक मुलगा, वेगवेगळ्या शाळांतले. बैठका बोलावणं, शाळांना पत्रं लिहिणं, शेवटच्या सभेचं अध्यक्षपद ही त्यांची कामं. पत्राचा मसुदा त्यांनीच लिहावा. शिक्षकांनी शुद्धलेखन बघावं, मजकूर बदलू नये.

बारा सत्रचालक, म्हणजे सहा गटांना प्रत्येकी दोन. परिषदेचा कणा हेच. पंधरा मुलांच्या गटात चर्चा चालवायची असते. त्याची तयारी पुढे दिली आहे.

तीन भाषादूत. आपल्या जिल्ह्यानुसार भाषा ठरतील: यवतमाळकडे कोलामी, गोंडी, गोरमाटी, मेळघाटात कोरकू, भामरागडकडे माडिया, सिरोंच्यात तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याकडे बंगाली, बऱ्याच तालुक्यांत उर्दू आणि हिंदी. ज्याला मराठीत मनातलं सांगणं जड जातं त्याच्या शेजारी भाषादूत बसतो. तो वाक्यावाक्याला थांबून सांगतो आणि आपलं मत त्यात घालत नाही. हे काम अवघड आहे, पण ज्या मुलीला वर्गात "तिले मराठी येत नाही" म्हणून हिणवलं जातं, तीच इथे सगळ्यांना लागणारी व्यक्ती ठरते.

दोन सोबती. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे आणि त्यात अपंगत्वाचे 21 प्रकार मानले आहेत. त्यातले बरेचसे डोळ्यांना दिसत नाहीत. सोबत्यांनी आठवडाभर आधी जागा पाहून घ्यायची. उतार आहे का, संडासापर्यंत जाता येतं का, फळ्यावरचं शेवटच्या बाकावरून दिसतं का, कमी ऐकणाऱ्या मुलाला बोलणाऱ्याचा चेहरा दिसेल अशी बैठक आहे का. आणि कुठलीही मदत करण्याआधी विचारायचं: "हात देऊ का?"

दोन जण जेवण आणि प्रवासाला. एक खजिनदार.

बेरीज केली तर दिसेल की दोन निमंत्रक, बारा सत्रचालक, तीन भाषादूत, दोन सोबती, दोन जेवण-प्रवासाचे आणि एक खजिनदार मिळून बावीस होतात. गटातली चर्चा लिहून घेणारे नोंदकरी या बावीसात नकोत. ते प्रत्येक गटात, नव्वद मुलांतूनच, तिथल्या तिथे निवडावेत. म्हणजे आपलं म्हणणं बरोबर उतरलं का यावर गटाचाच डोळा राहतो.

सत्रचालकांची तयारी

ऑगस्टमध्ये दोन अर्धे दिवस यासाठी काढा. भाषणं नकोत, खोटा गट बसवून सराव करून घ्या. चार गोष्टी अंगवळणी पडल्या पाहिजेत.

पहिली, प्रश्न विचारून थांबणं. मनात दहापर्यंत मोजायचं. शांतता पसरली की नवख्या सत्रचालकाला धडकी भरते आणि तो स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. बुजरी मुलं बहुतेक सातव्या-आठव्या आकड्याला तोंड उघडतात.

दुसरी, नाव घेऊन समाजाबद्दल न विचारणं. "तू पारधी आहेस ना, मग सांग" हा प्रश्न दिसायला आपुलकीचा, पण त्याने लेकरू एकटं पडतं. पूर्ण गटाला विचारा. ज्याला सांगायचं तो सांगेल.

तिसरी, "मी" लावून बोलायला लावणं. "ते लोक असे असतात" हे वाक्य आलं की सत्रचालकाने विचारायचं, "तू स्वतः काय पाहिलंस?"

चौथी, कोणी लागेल असं बोललं तर काय करायचं. हे प्रत्येकाकडून पाचपाच वेळा करून घ्या, कारण तो क्षण येतोच. जातीवरून शब्द निघाला किंवा कोणाच्या बोलण्यावर हशा पिकला, की आधी थांबवायचं: "थांब बावा. सकाळी आपण काय ठरवलं होतं?" मग शब्दाबद्दल बोलायचं, मुलाबद्दल नाही: "हा शब्द इथे चालणार नाही, कारण त्यानं माणूस खाली पाहतो." ज्याला लागलं त्याला सगळ्यांसमोर "तुला वाईट वाटलं का?" विचारायचं नाही. दुसरा सत्रचालक नंतर हळूच त्याच्या जवळ जाईल आणि विचारेल, गटात राहायचं, बाहेर जायचं की मॅडमशी बोलायचं. बोलणाऱ्यालाही हाकलू नका. त्याला पुन्हा नीट मांडायची संधी द्या. बहुतेक मुलं घरात, चौकात ऐकलेलंच बोलत असतात.

एक गोष्ट मात्र मुलांच्या खांद्यावर टाकायची नाही. मारहाण, लैंगिक छळ, बालविवाहाची बोलणी, जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार, असं काही कोणी सांगितलं तर सत्रचालकाने गुप्ततेचं वचन द्यायचं नाही. "हे मी ताईंना सांगणार आहे, कारण तुला मदत मिळाली पाहिजे" असं म्हणून त्याच दिवशी ठरलेल्या शिक्षिकेकडे जायचं. मुलांच्या मदतीसाठीचा 1098 हा हेल्पलाइन क्रमांक प्रत्येक खोलीत मोठ्या अक्षरात लावा.

दोन सत्रं, दोनच विषय

मुलं दहा विषय सुचवतील. मत घेऊन दोन निवडू द्या; सहाही गटांत तेच दोन चालवा. आपल्या भागात चांगली चालणारी तीन सत्रं देतो.

कामाची यादी: प्रत्येकाने उठल्यापासून शाळेत येईपर्यंत काल काय केलं ते कागदावर लिहायचं. नाव नाही, फक्त कोपऱ्यात मुलगा की मुलगी. कागद भिंतीवर दोन ओळींत लावायचे आणि पाच मिनिटं मुकाट्याने वाचायचे. पाणी, भांडी, शेण, धाकट्याला आंघोळ, डबा. कोणत्या ओळीत काय आहे ते सांगावं लागत नाही. त्यानंतर एकच प्रश्न: "गृहपाठ झाला नाही म्हणून शिक्षा होते तेव्हा ही यादी कोणी बघतं का?"

घरची भाषा: ज्यांच्या घरी वेगळी भाषा किंवा बोली आहे त्यांतली इच्छुक मुलं आतल्या वर्तुळात बसतात, बाकीची बाहेरच्या. वीस मिनिटं फक्त आतले बोलतात. पहिलीत मराठी कळत नव्हती तेव्हा काय केलं? "डोया" म्हटल्यावर "डोळा म्हण" असं सांगितलं तेव्हा काय वाटलं? बाहेरच्यांनी नंतर फक्त एवढंच सांगायचं की त्यांनी काय ऐकलं. सल्ला नाही, कौतुक नाही. इथे सत्रचालकाने सांगावं की संविधानाचं कलम 350क भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला सांगतं. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्या मुलांना बोलायला बळ येतं.

चिडवायची नावं: वर्गात कोणाला कशावरून चिडवतात हे आठवडाभर आधी बंद पेटीत चिठ्ठ्यांवर घ्या. निमंत्रक आणि एक शिक्षिका चिठ्ठ्या वाचून व्यक्तींची नावं काढून टाकतात आणि गटांत फक्त प्रकार जातात: रंग, जात, आडनाव, चालणं, तोतरेपणा, वडिलांचं काम. हे सत्र सगळ्यात नाजूक. पहिल्याच वर्षी ते नको. सत्रचालक एकदा तयार झाले की घ्या.

एक विषय कोणी सुचवला तरी खुल्या सत्रात घेऊ नका: शेतकरी आत्महत्या. गटात त्या घरचं लेकरू बसलेलं असतंच. त्याचं दुःख इतरांच्या शिकण्याचं साहित्य होता कामा नये.

त्या दिवशी

साडेदहाला नोंदणी. छातीवरच्या चिठ्ठीवर फक्त पहिलं नाव, मोठ्या अक्षरात. आडनाव नको, गावही नको. आपल्याकडे आडनाव वाचलं की माणसाची जात मनात मोजून होते आणि मुलंही त्यात मागे नाहीत. गट नोंदणीच्या टेबलावर रंगीत चिठ्ठ्यांनी पाडा, एका शाळेची मुलं सहाही गटांत विखुरतील असे.

उद्घाटन पंधरा मिनिटांत संपवा. हार, शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, पाच पाहुण्यांची मनोगतं यात दीड तास जातो आणि तो मुलांच्या वेळातून जातो. सरपंच, समितीचे अध्यक्ष यांना निमंत्रकांनी आधीच घरी जाऊन नम्रपणे सांगावं: "काका, तुम्ही या. पण आमचं ऐकायला या. दुपारी अडीचला शेवटच्या सभेत बसा." बहुतेक जण मनापासून हो म्हणतात. सुरुवातीला संविधानाची उद्देशिका वाचा आणि जोहार, जय सेवा, राम राम, जय भीम, सलाम, जय सेवालाल असे नमस्कार सगळ्यांनी मिळून एकमेकांना घाला.

अकरा ते सव्वाबारा पहिलं सत्र, एक तास जेवण, सव्वा ते अडीच दुसरं सत्र, मग सभा. सव्वातीनला सगळं थांबतं. वीज जाणार हे धरूनच चाला. गटचर्चेला माईक लागत नाही. सभेसाठी चार्ज केलेला छोटा स्पीकर पुरे.

जेवणाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण भेदभाव सगळ्यात आधी तिथे दिसतो. पोषण आहार आठवीपर्यंतच असतो, नववीच्या मुलांचं जेवण वेगळं उभं करावं लागतं. असं दोन प्रकारचं जेवण ठेवू नका, सगळ्यांना एकच. सव्वाशे ताटं, ताटाला चाळीस रुपये धरले तर पाच हजार होतात. वरण-भात, वांग्याची भाजी, पोळी एवढं भागतं. गावातल्या दोन-तीन घरांनी धान्य दिलं तर खर्च निम्म्यावर येतो. घरून डबे आणायला सांगू नका. डबा उघडला की कोणाच्या घरी काय आहे आणि काय नाही ते सगळ्यांना दिसतं. पंगत गटांनुसार बसवा, शाळांनुसार नाही. वाढायला सगळ्या शाळांची मुलं-मुली मिळून. पाणी एकाच ठिकाणी, सगळ्यांनी स्वतःच्या हाताने घ्यायचं. कोणी "मी घरून जेवून आलो" म्हणून बाजूला बसत असेल तर सक्ती करू नका, पण जेवण-प्रवासवाल्यांनी ते टिपून ठेवावं.

फोटोंसाठी आधीच पालकांची संमती घ्या. गटचर्चा चालू असताना फोटो पूर्ण बंद, शिक्षकांचेसुद्धा.

ठराव: तीनच, आणि नावानिशी

प्रत्येक गट दोन मागण्या आणतो. त्यातून सभा तीन ठराव मत घेऊन निवडते. चांगला ठराव मुलांच्या आवाक्यातला असतो आणि तो कोण, कधीपर्यंत करणार हे त्यात लिहिलेलं असतं. "समानता नांदावी" हा ठराव नाही. "दर सोमवारी परिपाठातला सुविचार घरच्या भाषेत म्हणू द्यावा, यादी भाषादूत करतील, सुरुवात 1 ऑक्टोबरपासून" हा ठराव. "दिवाळीनंतर बाहेरगावी जाणाऱ्या मुलांच्या वह्या वर्गमित्र पूर्ण ठेवतील आणि परत आल्यावर त्यांना पंधरा दिवस परीक्षेची घाई करू नये" हाही.

ठरावांची प्रत त्याच आठवड्यात पाचही मुख्याध्यापकांना द्या आणि लेखी उत्तर मागा. उत्तर "नाही" असलं तरी कारणासकट यावं. उत्तरच आलं नाही तर निमंत्रकांना समितीच्या पुढच्या बैठकीत बोलू द्या. शिक्षकांनी फक्त सोबत बसावं. या टप्प्यावर मोठ्यांनी हात काढला तर मुलं पुढच्या वर्षी येत नाहीत, आणि त्यांचं बरोबर असतं.

महिन्याने बावीसही जणांना पुन्हा एकत्र बसवा. काय झालं, काय अडलं, कोणत्या गटात कोण अजिबात बोललं नाही. आठवीतल्या नेत्यांकडे एक जाड वही सोपवा. तिच्यात पत्रांच्या प्रती, पावत्या, बसच्या वेळा, सत्रांचे प्रश्न आणि चुकलेल्या जागा असाव्यात. जुलैत नवे नेते निवडले की पहिल्या बैठकीत ही वही त्यांच्यासमोर ठेवून वाचायची आणि तारीख ठरवायला तिथूनच सुरुवात करायची.